दोन्ही डोळे गमावलेल्यांसाठी स्टेम सेल उपचार: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री यांस,

स. न. वि. वि.

फिट्सवरच्या, गाऊटवरच्या किंवा सल्फा गटातल्या गोळ्यांमुळे क्वचित एखाद्याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो, अंगावरची कातडी सोलवटते, आणि जीव वाचला तरी डोळ्यांतला दाह पुढे वर्षानुवर्षे धुमसत राहू शकतो. बुबुळाच्या कडेला, लिंबसमध्ये, असणाऱ्या स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी, बुबुळावरचे आवरण आयुष्यभर नव्याने घडवत असतात. दाहात त्या नष्ट झाल्या की बुबुळावर रक्तवाहिन्या चढतात व दृष्टी जाते. अशा डोळ्यावर नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवले, तरी त्याला आवरण पुरवणाऱ्या पेशीच नसल्याने ते बहुधा टिकत नाही.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने विकसित केलेली, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘स्लेट’ शस्त्रक्रिया जगभर वाखाणली गेली. तिच्यात निरोगी डोळ्यातला लिंबसचा छोटा तुकडा घेऊन त्याचे कण दुसऱ्या डोळ्यावर पेरतात; त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. पण दोन्ही डोळे गमावलेल्या या रुग्णांना निरोगी डोळा उरलेलाच नसतो. नातेवाइकाच्या पेशी घ्याव्यात, तर प्रतिकारशक्ती दाबणारी महागडी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. जपानने यावर रुग्णाच्याच तोंडातील श्लेष्मल त्वचेपासून पेशींचा थर वाढवण्याचा मार्ग काढला आणि २०२१ मध्ये त्या उपचाराला मान्यता दिली. ओसाकातील आयपीएस पेशींच्या, म्हणजे साध्या पेशींना पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन बनवलेल्या स्टेम सेलच्या, प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, चौघांचीही दृष्टी सुधारली आणि तिघांत ती टिकली; चौघेच रुग्ण असल्याने यावर इतक्यात इमले बांधू नयेत.

माझी विनंती मात्र प्रयोगशाळेपासून सुरू होत नाही. कोरड्या, दाहग्रस्त डोळ्यावर कोणत्याही पेशी तग धरत नाहीत. म्हणून स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम झालेला रुग्ण कोणत्याही शासकीय रुग्णालयात दाखल होताच नेत्रतज्ज्ञाने त्याला तपासावे, आणि गरज असल्यास पहिल्या आठवड्यातच बाळाभोवतीच्या पडद्याचे, म्हणजे अॅम्निऑटिक मेम्ब्रेनचे, आवरण डोळ्यावर बसवावे, असा बंधनकारक आदेश आपण काढावा. हा पडदा प्रसूतीनंतर एरवी टाकूनच दिला जातो. दृष्टी आधीच गमावलेल्यांसाठी तोंडातील पेशींच्या उपचाराची चाचणी सरकारी खर्चाने, अनेक केंद्रांत घ्यावी, आणि तिचे निष्कर्ष, अपयशासह, जाहीर करावेत. तोवर कोणी ‘स्टेम सेलचे इंजेक्शन’ म्हणून पैसे उकळत असेल, तर त्याच्यावर कारवाई व्हावी.

कळावे,
एक नागरिक