नर्सरीतल्या अक्कांना, मलप्रभा नदीच्या वरच्या अंगाकडून

अक्का, नमस्कार.

तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. आमच्या गल्लीतली एक सून तुमच्या सौंदत्तीकडचीच आहे. ती हे पत्र तुम्हाला फोनवरून कानडीत सांगणार आहे. तरी मी ते मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या माणसांनीही ते वाचायला हवं.

2020 चा जून होता. लॉकडाऊनमुळं गोव्याला, पुण्याला कामाला असलेली पोरं गावात परत आली होती. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या महापुरानं मलप्रभेचा आमच्या बाजूचा काठ ओरबाडून नेला होता. कुणाची दोन गुंठे, कुणाची चार गुंठे भातजमीन नदीत गेली. काठाला झाडं लावायची असं ठरलं आणि आम्ही टेम्पो घेऊन वनखात्याच्या नर्सरीत आलो. चारशे रोपं द्या म्हणालो. तुम्ही हातातली झारी खाली ठेवलीत आणि विचारलंत, "तग्गु तगदीरेनु?" खड्डे काढलेत का? प्रश्न सगळ्यांना कळला. उत्तर कुणाकडंच नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही चारशे रोपं दिली असती तर तुम्हाला कोण काय म्हणणार होतं? आधी एकदा आम्ही तीनशे रोपं एका सकाळी लावली होती, फोटो काढले होते, आणि पुढच्या होळीला त्यातली अकरा उरली होती. शेरडांनी खाल्ली, उन्हानं वाळली. खरं सांगायचं तर कुणी फिरून बघितलंच नाही. हे तुम्ही न सांगता ओळखलंत. साठ रोपं मोजून दिलीत आणि म्हणालात, "एवढी जगवा. मग या."

मला त्या वेळी राग आला होता, अक्का. त्याची माफी इथंच मागतो.

आम्हाला हवी होती आकेशिया, झटपट वाढणारी. तुम्ही करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन दिलंत. पाण्यात उभं राहायची सवय असलेलंच झाड काठाला टिकतं, हे तुमचं म्हणणं. मग एका रविवारी तुम्ही स्वतःच्या पैशानं एसटी पकडून गावात आलात. रोजंदारीवर राबणाऱ्या बाईचा आठवड्यातला तो एकच मोकळा दिवस. आमच्या देवराईतल्या जुन्या जांभळीखाली बसून तुम्ही शाळेच्या पोरांना सांगितलंत की जांभळाची बी साठवून ठेवायची नसते. आठ-पंधरा दिवसांत तिचा जीव जातो. पोरांनी गर धुऊन काढला आणि त्याच संध्याकाळी बिया पिशव्यांत टोचल्या. तीन आठवड्यांनी काही पिशव्यांत एकाच बीतून दोन-दोन कोंब वर आले. पोरं धावत घरी आली होती, काहीतरी चुकलं म्हणून. तुम्ही फोनवर हसलात आणि म्हणालात, जांभळाचं असंच असतं, जोमदार कोंब ठेवा, दुसरा काढा. त्या पिशव्यांतली रोपं आज पोरांच्या डोक्यावर गेलीत.

पुढच्या वर्षी आम्ही एप्रिलातच, धूळवाफ पेरणीच्या गडबडीआधी, दोन-दोन फुटांचे खड्डे काढून उन्हात तापत ठेवले. रोप लावताना पिशवीच्या तळाशी गोल गुंडाळलेली मुळं छाटायची, भोवती बोरी-बाभळीची कुपाटी घालायची, हे सगळं तुमचंच.

पण सगळ्यात मोठी गोष्ट मडक्यांची. खानापूरची माती कौलांना आणि मडक्यांना नावाजलेली; भट्टीवर वाकडी निघालेली मडकी कुणी विकत घेत नाही. तुम्ही म्हणालात, तीच आणा. प्रत्येक रोपाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलं, तळाला बारीक भोक, भोकात जुन्या लुगड्याची वात. मडकं भरून वर कौलाचा तुकडा झाकला की पाणी चार-पाच दिवस मुळाशी पाझरत राहतं. संघातल्या बायकांनी पाळ्या लावून तीन उन्हाळे ती मडकी भरली. आमच्या आईनंही भरली, गुडघे दुखत असताना. मला वाटतं, मडकं रिकामं दिसलं की बाईमाणसाला ते बघवत नाही. आम्हा पुरुषांना तसं वाटायला वर्ष लागलं.

एका दुपारी काठावर भाकरी खाताना मी विचारलं होतं, अक्का, एवढी धडपड तुम्ही आमच्यासाठी का करता? तुम्ही नदीकडं बोट केलंत. तुमचं माहेर सौंदत्ती तालुक्यातलं, काळ्या रानातलं. लहानपणी आईबरोबर घागर घेऊन किती लांब चालायला लागायचं ते सांगितलंत. मग मलप्रभेवरच्या नविलुतीर्थाच्या धरणाचं पाणी आलं. "तुमच्या दारावरून गेलेलंच आमी पितो. तुमचा काठ ढासळला की तो गाळ आमच्याकडं येतो." मी या नदीच्या काठी जन्मलो. ती कणकुंबीला उगम पावते हे ठाऊक होतं, तिथल्या माऊली देवीच्या दर्शनाला लहानपणापासून जातोय. सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगरालाही दरवर्षी जातो. पण या दोन देवींच्या मधली नदी एकच आहे, आणि खालच्या अंगाला कुणीतरी आमच्या काठाची काळजी करत बसलंय, हे त्या दुपारपर्यंत माझ्या मनात कधी आलं नव्हतं. इकडं भाषेवरून किती बोललं जातं. तुम्ही कानडीत विचारलंत, आम्ही मराठीत उत्तर दिलं, आणि झाडं लागली.

2023 ला पावसानं दगा दिला. पुढच्या उन्हाळ्यात नदीचे डोह आटले, आणि त्यातच वरच्या बांधाकडून वणवा आला. चाळीसेक झाडं काळी पडली. मी रडवेला होऊन तुम्हाला फोन केला. तुम्ही एवढंच म्हणालात, बुडाशी नखानं साल खरवडून बघ. बघितलं. बऱ्याच करंजांच्या सालीखाली हिरवं होतं. मिरगानंतर त्यांना बुडातून फुटवे आले. जळालेल्या जांभळी मात्र वाचल्या नाहीत. त्यांच्या जागा आम्ही पुन्हा भरल्या.

आज काठावर तीनशे बारा झाडं उभी आहेत. यंदाच्या जुलैत पाणी करंजांच्या बुंध्यापर्यंत चढलं, दोन दिवस राहिलं आणि उतरलं. माती जागेवर होती. मी सकाळी जाऊन हात लावून बघितली, अक्का. तुमचे आभार मानायचे म्हणजे नेमके कशाचे, हे त्या दिवशी मला कळलं.

आता काम सोडून तुम्ही माहेरच्या गावी राहता असं ऐकलं. तिथं विहिरीच्या बाजूला सावली नाही, असं तुम्ही एकदा बोलता बोलता म्हणाला होतात. पोरांनी शाळेमागं करंजाची आणि कडुलिंबाची पंचवीस रोपं तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवलीत. मिरगाला ती घेऊन येतो, सोबत घरचा तांदूळही. खड्डे काढायला आम्ही चौघं एप्रिलातच येऊ. तुम्ही जागा तेवढी दाखवून ठेवा.

तुमचा,
काठावरच्या गावातला एक जण