आईच्या मणक्याचं इंजेक्शन

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "लिहून पाठव, फाइलला लावतो." म्हणून लिहिते. हाडांच्या डॉक्टरांनी आईला रोज घ्यायचं जे टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन सांगितलंय ते लगेच आणू नका. आणि "हार्मोन म्हणजे कॅन्सर" असं शेजारच्या काकू म्हणाल्या म्हणून मोडीतही काढू नका. मधे एक रक्ततपासणी राहिली आहे. तुम्ही पाठवलेले रिपोर्टचे सगळे फोटो मी मोठे करून बघितले, त्यात पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन, कुठेच नाही.

बादली उचलताना मणका दबला, म्हणजे हाडं कमजोर झाली हे उघडच आहे. अडुसष्टाव्या वर्षी पुष्कळ बायकांची होतात. पण आईचं क्रिएटिनिन १.७ आहे आणि जीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, ३२. किडनी इतकी थकली की हाडांचं दुखणं नुसतं वयाचं राहत नाही. जास्तीचं फॉस्फरस बाहेर टाकणं आणि 'ड' जीवनसत्त्वाला शेवटचा हात फिरवून कामाचं करणं, ही दोन्ही कामं किडनीची. ती मंदावली की रक्तातलं कॅल्शियम घसरायला लागतं. मग गळ्यात थायरॉइडच्या मागे असलेल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच नावाचं हार्मोन जास्त सोडतात आणि ते हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात आणतं. वर्षानुवर्षं असं चाललं की हाड आतून पोखरतं. काही जणांचं उलट होतं. त्यांचं पीटीएच खाली राहतं आणि हाडाची मोडतोड नि बांधणी दोन्ही जवळपास थांबतात. एक्स-रे दोघांचेही ठिसूळच दिसतील, औषधं मात्र वेगळी.

आता तुमचा प्रश्न. "जे हाड खातंय तेच टोचायचं?" बाबा, हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना विचारायला हवा होता, इतका नेमका आहे. टेरिपॅराटाइड म्हणजे पीटीएचचाच तुकडा, ८४ अमिनो आम्लांपैकी पहिली ३४. पण ते दिवसातून एकदाच, २० मायक्रोग्रॅम, आणि काही तासांत रक्तातून नाहीसं होतं. तेवढ्या छोट्या लाटेने हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. पीटीएच रात्रंदिवस चढलेलं राहिलं तर हाड मोडणाऱ्या पेशींचं फावतं. पावसाची सर येऊन गेली की आपली ज्वारी तरारते आणि तेच पाणी आठवडाभर वावरात तुंबलं की मुळं कुजतात, तसंच हे.

म्हणून आईचं स्वतःचं पीटीएच आधीच खूप चढलेलं असेल, तर त्यावर आणखी तेच टोचण्यात मला अर्थ दिसत नाही. आधी फॉस्फरस आणि 'ड' ताब्यात आणायचं, ते काम किडनीच्या डॉक्टरांचं. पीटीएच बेताचं किंवा कमी निघालं, तर मी इंजेक्शनच्या बाजूची आहे. या औषधाचा मुख्य अभ्यास २००१ साली छापून आला, पाळी गेलेल्या १६३७ बायकांचा. त्यात औषध नसलेलं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी १४ टक्के जणींचा मणका नव्याने मोडला आणि २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांपैकी ५ टक्के जणींचा. त्यातल्या जीएफआर ३० ते ४९ असलेल्या बायकांचीही हाडाची घनता वाढली. फक्त त्या अभ्यासात क्रिएटिनिन २ च्या वर असलेल्यांना घेतलंच नव्हतं, आणि पीटीएच नॉर्मल असणं ही अट होती. आई त्या गटाच्या काठावर बसते. किडनीचं काम कमी असलेल्यांचं युरिक अ‍ॅसिड या इंजेक्शनने वाढलेलंही दिसलं होतं, आणि ते वाढलं की सांधे सुजू शकतात. आईचा अंगठा गेल्या पावसाळ्यात कसा सुजला होता, हे डॉक्टरांना सांगाच.

काकूंची भीती अगदी हवेतली नाही. खूप मोठे डोस दिलेल्या उंदरांना हाडाचा कॅन्सर झाला होता आणि त्यामुळे औषधावर कडक इशारा छापलेला असे. माणसांत तसं न दिसल्याने अमेरिकेने तो २०२० मध्ये काढला. बाईपणाच्या हार्मोनच्या गोळ्या, म्हणजे इस्ट्रोजेन, हा वेगळाच विषय. रक्ताची गुठळी, पक्षाघात यांचा धोका असल्याने या वयात हाडांसाठी त्या नव्याने कुणी सुरू करत नाही.

वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड आईला चालणार नाही, जीएफआर ३५ च्या खाली असेल तर ते टाळतात. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन किडनीवर अवलंबून नाही, पण किडनी खूप कमी असेल तर कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं, आणि एखादा डोस चुकला तर मणके पटापट दबू शकतात. आई, तू संकष्टीला उपासाबरोबर गोळ्यांनाही सुट्टी देतेस. तुझ्यावर माझा तेवढा विश्वास नाही!

बाबा, आता करायचं एवढंच. पीटीएच, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, 'ड' जीवनसत्त्व आणि युरिक अ‍ॅसिड, सगळं एकाच वेळी काढून घ्या. रिपोर्ट आधी किडनीच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना हाडांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला सांगा. दोघं वेगवेगळ्या चिठ्ठ्या लिहितात आणि मेळ तुम्ही घालत बसता, हे मला पटत नाही. आणखी एक विचारा. हे इंजेक्शन सहसा दोनच वर्षं घेतात, नंतर दुसरं औषध दिलं नाही तर कमावलेलं हाड निघून जातं. मग आईच्या किडनीला झेपेल असं ते दुसरं औषध कोणतं? याचं उत्तर सुरुवातीलाच हवं.

ठरलंच तर इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. उघडल्यापासून २८ दिवसांनी उरलं तरी टाकून द्यायचं. ते टाकताना तुमचा जीव वर-खाली होईल, माहीत आहे, तरी टाका. पहिले काही दिवस आईला बसवून टोचा, लगेच उठली तर चक्कर येते. पैशांचं मी बघते, त्यावर चर्चा नको.

आई, कंबर दुखली की मेडिकलवाल्याकडून आणतेस त्या दुखण्याच्या गोळ्या बंद. किडनीला त्यांच्याइतकं वाईट घरात दुसरं काही नाही. आणि बाबा, कॅल्शियमची जादा गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका, ते रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं.

रिपोर्ट आले की फोटो सरळ धरून काढा, मागच्या वेळी अर्धे आकडे कापले गेले होते.

तुमची,
मनू