कोल्हापुरात मला एक फॅमिली डॉक्टर मिळेल का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : व्हीलचेअरवरील रुग्णाला आत जाता येईल असा दवाखाना मिळण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहते. अपघातात मणक्याला मार बसला, कमरेखाली संवेदना गेली, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. घरी बसून दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करते. कर भरते, मतदान चुकवत नाही. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे, पण गेल्या आठवड्यात माझ्या वाट्याला जे आलं, ते आपल्यापर्यंत पोचवणं मला भाग आहे.

आमचे जुने डॉक्टर वयोमानामुळे दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला गेले. त्यांचा दवाखाना जमिनीलगत होता. दाराची दोन्ही कवाडं उघडली की खुर्ची थेट त्यांच्या टेबलाशी जायची. ते गेल्यापासून मी नवा फॅमिली डॉक्टर शोधते आहे. मला मोठं हॉस्पिटल नको आहे. लघवीच्या संसर्गाचा ताप कोणता आणि साधा ताप कोणता हे ओळखणारा, माझ्या चालू गोळ्या ठाऊक असणारा, बसून बसून पार्श्वभागावर व्रण धरतोय का हे वेळीच बघणारा एक साधा डॉक्टर पाहिजे. मणक्याच्या रुग्णाने संसर्ग आणि व्रण या दोन गोष्टी अंगावर काढल्या तर त्या जिवावर बेततात. प्रत्येक तापाला सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय गाठायचं का? तिथे जिल्हाभरातून अत्यवस्थ माणसं येतात.

गेल्या आठवड्यात थंडी वाजून ताप भरला. एका दवाखान्यात आधी फोन करून विचारलं, व्हीलचेअर आत येते का? उत्तर मिळालं, "या की, लिफ्ट हाय." भाच्याला घेऊन रिक्षाने गेले. रस्ता आणि इमारत यांच्यामध्ये गटार, गटारावर हलणारी फरशी, पुढे पाच पायऱ्या, आणि पायऱ्या संपल्यावर लिफ्ट. कोल्हापूरचा माणूस मदतीला हाक मारायची वाट बघत नाही. शेजारच्या दुकानांतली पोरं धावत आली. "ताई, घाबरू नका, आम्ही हाय की." त्यांच्याविषयी माझ्या मनात रागाचा लवलेश नाही. पण माझ्या खुर्चीचे हात काढघाल करता येतात, हे त्यांना कसं ठाऊक असणार? एकाने हाताला धरून उचललं, हात निखळून त्याच्याकडे राहिला, खुर्ची कलंडली आणि माझा पाय पायरीच्या कडेवर घासला गेला. गाऊन गुडघ्याच्या वर गेला होता. अनोळखी पुरुषांनी काखेत हात घालून मला वर घेतलं. भर रस्त्यावर, भर दुपारी.

पायाला लागलंय हे मला कळलंच नाही, कारण तिथे संवेदना नाही. रात्री बहिणीने मोजे काढले तेव्हा रक्त सुकून मोजा नडगीला चिकटला होता. अशा पायाची जखम भरायला किती काळ जातो आणि ती चिघळली तर काय होतं, हे आपल्या खात्यातल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

वर पोचल्यावर तरी नीट तपासणी झाली का? तपासायचं टेबल माझ्या छातीएवढं उंच. डॉक्टर भले होते, पण त्यांनी खुर्चीतच कपड्यांवरून तपासलं. ज्या जागेची मला काळजी होती ती बघितलीच गेली नाही. वजन किती, असं विचारलं. मी काय सांगणार? खुर्चीसकट वजन करता येईल असा काटा मला कुठल्या दवाखान्यात दिसलेला नाही. अंदाजाने आकडा सांगितला, अंदाजाने औषध मिळालं. याआधी एक डॉक्टर तर जिना उतरून फूटपाथवर आले आणि मी रिक्षात बसलेली असताना लघवी कशी होते, शौचाला कशी होते, हे विचारत राहिले. पलीकडे वडापावच्या गाडीवर गर्दी होती. सगळी माझी उत्तरं ऐकत होती. मी निम्मी उत्तरं दिलीच नाहीत. चुकीचं निदान झालं असतं तर दोष कोणाचा?

ऑनलाइन दाखवा, असं मला सांगतात. व्रण दाबून बघावा लागतो, वास घेऊन बघावा लागतो. मोबाइलमधून ते होत नाही.

आता खाजगी सोडा, सरकारी दवाखान्याकडे येते. आमच्या भागातल्या एका सरकारी आरोग्य केंद्राला रॅम्प करून द्यावा म्हणून मी अर्ज दिला होता. ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या आत होईल, असा शब्द एका अधिकाऱ्यांनी चार माणसांसमोर दिला. तो डिसेंबर गेला, पुढचाही गेला. मग एकदाचा रॅम्प झाला. चौथरा दीड फूट उंच आहे. नियम एकास बाराचा, म्हणजे फुटाला बारा फूट. दीड फुटाला अठरा फूट लांबी पाहिजे. बांधला जेमतेम पाच फूट. ती घसरगुंडी आहे. भाचा दमदार आहे, तोही मला त्यावरून चढवू शकला नाही. खालच्या टोकाला मोटारसायकली लागतात. कागदावर मात्र रॅम्प पूर्ण आहे, बिल निघालं आहे. दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून असली कामं होणार असतील तर तो पैसा आमच्यावर खर्च झाला असं कृपा करून म्हणू नका.

कायदा नाही अशी सबब तुमच्याकडे नाही. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ चा. त्याचं कलम २५ सांगतं की सरकारी आणि खाजगी, दोन्ही रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत सगळीकडे अडथळ्याविना जाता आलं पाहिजे. कलम ४४ सांगतं की सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय बांधकाम परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखला नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्येच संपली. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि जिल्हा रुग्णालयं कधी, कोणत्या क्रमाने सुगम्य करणार याचा आराखडा प्रसिद्ध करा, हेही त्याच कलमात लिहिलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीपुरते ठेवून चालणार नाही, सक्तीचे नियम करा, आणि केंद्राला तीन महिने दिले. आणखी काय राहिलं? २०११ च्या जनगणनेत या राज्यात २९ लाखांहून जास्त दिव्यांग मोजले गेले. त्यानंतर कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, म्हणजे आज आम्ही किती असू याचा हिशेब तुम्हीच करा. यातला प्रत्येक माणूस कधी ना कधी आजारी पडतो.

खरी गोम इथे आहे. खाटा असलेलं हॉस्पिटल १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदवावं लागतं. खाट नसलेला साधा दवाखाना त्यात येत नाही. दवाखान्यांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणजे ज्या दवाखान्यात गावातला माणूस सगळ्यात आधी जातो, त्याचं दार किती रुंद आहे, पुढे किती पायऱ्या आहेत, हे बघायला कोणीच जात नाही. मी विचारत फिरले तेव्हा नोंदणीवाला म्हणतो बांधकामवाल्याला विचारा, बांधकामवाला म्हणतो डॉक्टर भाडेकरू आहेत, मालकाला विचारा, मालक म्हणतो इमारत जुनी आहे. जुन्या पेठांतल्या अरुंद जिन्यांचं मी समजू शकते. पण हल्ली उभ्या राहिलेल्या कॉम्प्लेक्समध्ये लिफ्टच्या आधी पाच पायऱ्या ठेवून दाखला मिळतो कसा? त्या दाखल्यावर कोणाची तरी सही असते. त्या सहीवाल्याला दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम ८९ चा दंड कधी झाला? पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, नंतर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत, असं कायद्यात छापलं आहे.

दर ३ डिसेंबरला आमचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, फोटो, नव्या व्हीलचेअरचं वाटप. ती व्हीलचेअर कुठल्या दारातून आत न्यायची हे व्यासपीठावरचा एकही माणूस सांगत नाही. २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं काढलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आज आरोग्याचा प्रश्न घेऊन गेलं की दिव्यांग कल्याणकडे बोट, आणि तिकडे गेलं की आरोग्याकडे.

या शहरातलं प्रत्येक भाषण शाहू महाराजांच्या नावाने सुरू होतं. महाराजांनी २६ जुलै १९०२ ला करवीर संस्थानात निम्म्या जागा राखल्या, त्या हुकूम काढून. मागासलेल्यांवर दया करा, असं आवाहन करून ते थांबले नव्हते. याच कोल्हापुरात स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली आणि इमारती कशा असाव्यात ते बांधून दाखवलं. एका संस्थेला जे जमलं ते सरकारला इतक्या वर्षांत का जमू नये? आम्हाला उचलणारे हात या गावात भरपूर आहेत. मला कोणी उचलू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. मी चाकांवर स्वतः आत जाईन, डॉक्टरांशी दार लावून बोलेन आणि बाहेर येईन.

मागणं साधं आहे. कोल्हापूर शहरातल्या कोणत्या सरकारी आणि खाजगी दवाखान्यांत व्हीलचेअर आत जाते याची प्रत्यक्ष जागेवर जाऊन, टेप लावून यादी करा आणि ती महापालिकेत, औषधाच्या दुकानांत लावा. मोजायला जाताना व्हीलचेअरवरचा एक माणूस सोबत घ्या. मी यायला तयार आहे. प्रत्येक सरकारी आरोग्य केंद्रात खाली-वर होणारं एक तपासणी टेबल आणि खुर्चीसकट वजन घेणारा एक काटा द्या. आमच्या भागातला तो पाच फुटांचा रॅम्प तोडून अठरा फुटांचा बांधा, आणि ज्यांनी तो पूर्ण झाल्याचं लिहून दिलं त्यांच्याकडून खर्च वसूल करा. खाट नसलेल्या दवाखान्यांची नोंदणी सुरू करा.

"आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवला आहे" असं पत्र मला पाठवू नका, तशी माझ्याकडे आहेत. काम कोणत्या अधिकाऱ्याकडे दिलं त्यांचं नाव आणि काम कधी पूर्ण होईल ती तारीख, एवढं लेखी कळवा.

आपली,
मंगळवार पेठेतील एक मतदार,
कोल्हापूर