न्यायमूर्ती रॉजर ट्रेनॉर यांना, एका फुटलेल्या बाटलीबद्दल

माननीय न्यायमूर्ती रॉजर ट्रेनॉर यांस,

सादर प्रणाम.

आपण १९८३ साली बर्कली येथे निवर्तलात आणि आमच्याकडे ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा झाला तो १९८६ साली, तेव्हा हे पत्र आपल्यापर्यंत पोचणार नाही हे मला ठाऊक आहे. तरीही लिहिते, कारण मागच्या वर्षी जिल्हा ग्राहक आयोगात मी एका खानावळवाल्या बाईंची तक्रार चालवली, ती मंजूर झाली, आणि त्यातल्या माझ्या लेखी युक्तिवादाचा कणा आपण १९४४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचे न्यायाधीश म्हणून लिहिलेल्या काही पानांचा होता. निकालपत्रात मात्र आपले नाव कुठेच आले नाही. परदेशातल्या न्यायालयाचे मत आमच्याकडे बंधनकारक नसते, त्यामुळे आयोगाचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. पण आपले ऋण नोंदवायचे राहून गेले, ते येथे नोंदवते.

या बाई रोज चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांचे डबे करतात. घेऊन सातच महिने झालेल्या मोठ्या कुकरात डाळ शिजत असताना एकही शिटी न होता झाकण उडाले, वरच्या पत्र्याला पोचा पाडून खाली आले, आणि बाईंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. सामनेवाल्यांचे, म्हणजे कुकर बनवणाऱ्या कंपनीचे, म्हणणे असे की शिटी साफ केलेली नसावी, डाळ प्रमाणाबाहेर भरलेली असावी, आणि तसे नसेल तर आमच्या कारखान्यात नेमकी कोणाची हयगय झाली ते तक्रारदाराने सिद्ध करावे. झाकण आयोगापुढे हजर केले तेव्हा शिटीची नळी स्वच्छ होती आणि जो सेफ्टी व्हॉल्व्ह वाफ कोंडताच सुटायला हवा, तो जागच्या जागी घट्ट बसलेला होता. पण हयगय कोणाची, हे बाई कुठून सांगणार? तो कारखाना दुसऱ्या राज्यात आहे आणि त्याचे फाटकही त्यांनी कधी पाहिलेले नाही.

नेमके हेच कोडे आपल्यापुढे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात आले होते. (आमच्या वाचकांसाठी सांगते की अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते, आणि आपण त्यातल्या एका राज्याच्या न्यायालयात जवळजवळ तीस वर्षे बसलात.) उपाहारगृहात काम करणारी एक तरुणी खोक्यातल्या कोका-कोलाच्या बाटल्या एकेक करून फ्रिजमध्ये ठेवत होती. चौथी बाटली तिच्या हातातच फुटली आणि तळहातावर पाच इंचांची खोल जखम होऊन शिरा, मज्जातंतू आणि स्नायू तुटले. बाटल्या तिथे येऊन छत्तीस तास उलटून गेलेले होते. बहुमताने तिच्या बाजूने निकाल दिला, पण त्यासाठी त्यांना, असा अपघात हयगयीवाचून होत नाही, सबब ती झालीच असली पाहिजे, अशा अनुमानाचा आधार घ्यावा लागला.

निकाल आपल्याला मान्य होता. बहुमताच्या निवाड्याखाली सही करून आपण मोकळे होऊ शकला असतात. आमच्याकडेही तसे करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना कोणी नावे ठेवत नाही. आपण मात्र स्वतंत्र मत लिहिलेत आणि त्यात म्हणालात की हयगय झाली की नाही, हा प्रश्नच आता सोडून द्यावा. सदोष माल बाजारात आणणाऱ्यावरच जबाबदारी टाकावी, कारण धोका आधी ओळखून तो टाळण्याची ताकद त्याच्यापाशी असते, आणि एका माणसाचे आयुष्य मोडून टाकणारा खर्च तो विम्याने व किमतीतून हजारोंवर विभागू शकतो. गावच्या कारागिराकडून डोळ्यांदेखत वस्तू घडवून घेण्याचे दिवस गेले, आता गिऱ्हाइकाला आतले काही दिसत नाही आणि तो छापावर विश्वास ठेवून घेतो, हा आपला मुद्दा मी मराठीत उतरवला तेव्हा त्यात एकही शब्द जास्तीचा घालावा लागला नाही.

त्या वेळी आपल्याबरोबर कोणीही सही केली नाही. पुढे १९६३ साली दुसरे प्रकरण आले. एका गृहस्थाला पत्नीने नाताळची भेट म्हणून करवत, ड्रिल आणि लेथ अशी तिन्ही कामे करणारे यंत्र दिले होते, आणि लेथवरचे लाकूड उडून त्याच्या कपाळावर बसले. तो निवाडा आपण लिहिलात, सर्व न्यायाधीशांनी मान्य केला, आणि १९४४ चे एकट्याचे मत कॅलिफोर्नियाचा कायदा झाले. मध्ये एकोणीस वर्षे गेली. आमच्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचे, म्हणजे सदोष मालाच्या जबाबदारीचे, स्वतंत्र प्रकरण आले, कलम ८२ ते ८७, आणि ते २०२० च्या जुलैपासून लागू झाले. सामनेवाल्यांचे वकील त्या कलमांतही हयगय शोधत होते. कायद्याने ती वाट का सोडली, हे सांगायला मला आपली पाने लागली.

आपल्याविषयी मग मी मिळेल ते वाचले. यूटामधल्या पार्क सिटी या खाणींच्या गावी १९०० साली आपला जन्म, आईवडील आयर्लंडहून आलेले. बर्कलीला राज्यशास्त्राची डॉक्टरेट आणि कायद्याची पदवी, दोन्हींचा अभ्यास एकाच वेळी. मग तिथेच अध्यापन आणि करकायद्याचा व्यासंग. १९४० साली गव्हर्नरांनी आपल्याला थेट सर्वोच्च न्यायालयावर नेमले, तोवर आपण कुठल्याही न्यायासनावर बसलेला नव्हता. १९६४ ते १९७० मुख्य न्यायाधीश. १९४८ साली गोऱ्या माणसाला कृष्णवर्णीयाशी लग्न करू न देणारा राज्याचा कायदा चार विरुद्ध तीन अशा मतांनी रद्द झाला, त्यातले मुख्य मत आपले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला तिथवर यायला १९६७ उजाडले. पुन्हा एकोणीसच वर्षे. आंतरजातीय लग्नाची नोंदणी करून देताना मुलामुलींच्या नातेवाइकांना कार्यालयाबाहेर घिरट्या घालताना मी पाहिले आहे, म्हणून या निकालाचे मोल मला शिकवावे लागत नाही.

मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो मात्र दुसऱ्याच एका गोष्टीचा. पोलिसांनी बेकायदा झडती घेऊन मिळवलेला पुरावा चालेल, असे १९४२ साली आपणच लिहिले होते. घरात चोरून मायक्रोफोन बसवल्याचे प्रकरण १९५५ मध्ये आले तेव्हा, पूर्वीच्या नियमाने पोलिसांना काडीचाही धाक बसलेला नाही, हे पाहून आपण आपलाच निवाडा मोडीत काढलात. स्वतःच्या जुन्या युक्तिवादाला भर न्यायालयात खोडणे आम्हा वकिलांनाही जमत नाही.

एका ठिकाणी माझे आपल्याशी जुळत नाही, तेही सांगते. खर्च किमतीतून विभागता येतो हे मोठ्या कंपन्यांबद्दल खरे आहे. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या चार कामगारांच्या शेडला तो विमा परवडत नाही, आणि असा एक पक्षकारही माझ्याकडे आहे. त्याच्या बाजूने उभी राहीन तेव्हा आपलीच पाने माझ्यावर उगारली जातील, याची मला कल्पना आहे.

निकालाची प्रत मिळाली त्या दिवशी बाई पेढे घेऊन आल्या. कागदयादीतल्या अनुक्रम अकराच्या कागदावरचे, म्हणजे आपल्या मताच्या भाषांतरावरचे, नाव बोटाने दाखवून त्यांनी विचारले, “हे साहेब कुठले? यांनाही द्यायला हवेत ना?” साहेब अमेरिकेतले आणि आता हयात नाहीत, असे मी सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि दोन पेढे वेगळे काढून माझ्या टेबलावरच्या फायलीपाशी ठेवले. संध्याकाळी ते माझ्या ज्युनिअरने खाल्ले, ही गोष्ट आपल्याला कळवणे मला भाग आहे.

आपली ऋणी,
जिल्हा न्यायालयातील एक वकील