श्रीलंकेत राहायचं कुठे? मकरंदला पत्र

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तुझी यादी मिळाली. आठ रात्री, सहा हॉटेलं, आणि शेवटी तुझा प्रश्न: ‘यातलं काय ठेवू, काय काढू?’ फोनवर सांगता आलं असतं, पण बेट नीट डोळ्यांसमोर ठेवून बोलायचं तर लिहिलेलंच बरं. शिवाय वहिनींनाही वाचता येईल.

आधी एक स्पष्ट सांगतो. तुझ्या यादीतल्या चार हॉटेलांचे फोटो एकमेकांत अदलाबदल केले तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. पोहण्याचा तलाव, पांढऱ्या आरामखुर्च्या, मागे माड. ती वाईट नसतील, स्वच्छही असतील. पण श्रीलंकेत काही हॉटेलं सिगिरियाच्या खडकावरच्या प्राचीन किल्ल्याइतकीच पाहण्याजोगी आहेत, आणि ती सोडून भलतीकडे राहिलात तर मला खरंच वाईट वाटेल. मी एकच कसोटी लावतो: हे हॉटेल उचलून दुसऱ्या देशात ठेवता आलं असतं का? ठेवता आलं असतं तर यादीतून काढ.

पण हॉटेलाच्याही आधी महिना ठरव. त्या एवढ्याशा बेटावर दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस बेंटोटा, गॉल या बाजूला झोडपतो, तेव्हा पूर्वेकडचा त्रिंकोमालीचा समुद्र शांत असतो. नोव्हेंबर ते जानेवारी उलट. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुठेही पाऊस गाठू शकतो, म्हणून दिवाळीची सुट्टी नको. नाताळची सुट्टी सोयीची वाटते, पण तेव्हा दर चढलेले असतात, आणि बरीच मोठी हॉटेलं २४ आणि ३१ डिसेंबरला रात्रीच्या खास जेवणाचे पैसे सक्तीने लावतात. मुक्ताची शाळा आठवडाभर बुडू दे. जानेवारीच्या अखेरीस निघा. तेव्हा दक्षिण किनारा उत्तम असतो, समुद्र निवळलेला असतो आणि पोरीला पाण्यात सोडताना जिवाला घोर लागत नाही. तुझ्या यादीतलं पूर्व किनाऱ्यावरचं हॉटेल त्यामुळे आपोआप गेलं. ते चांगलं आहे, पण मे-जूनसाठी.

आता मुख्य गोष्ट. जेफ्री बावा हे नाव तू ऐकलं असशील. जन्म १९१९ चा. आधी वकील झाले, मग घर-बाग यांच्या ओढीने वास्तुकला शिकले आणि १९५७ मध्ये, अडतिशीत, वास्तुविशारद झाले. २००३ मध्ये गेले. आज श्रीलंकेत जे हॉटेल आवडून जातं, त्यात कुठेतरी त्यांचा हात असतो, नाहीतर त्यांच्या शिष्याचा. उघडी लॉबी, खोल पडव्या, मधोमध चौक, पावसाला आत यायला जागा आणि माणसाला कोरडं राहायला जागा. उष्ण, दमट हवेत माणसं पूर्वापार जशी राहत आली, त्यातलं शहाणपण त्यांनी उचललं आणि आधुनिक इमारतीत बसवलं.

त्यांचं डंबुल्लाजवळचं कंडलामा हॉटेल तू यादीच्या तळाला टाकलं आहेस. ते सगळ्यात वर आण. नव्वदच्या दशकातली इमारत आहे. मालकांच्या मनात सिगिरियाच्या पायथ्याजवळची जागा होती. बावांनी ती नाकारली आणि काही मैल दक्षिणेला, कंडलामा तलावाच्या काठचा कडा दाखवला. सिगिरिया जवळून दडपण्यापेक्षा पाण्यापलीकडे दूरवर दिसावा, हा त्यांचा विचार. हॉटेलाला तेव्हा पर्यावरणवाल्यांचा आणि भिक्षूंचा कडवा विरोध झाला होता, आणि मला वाटतं त्यामुळेही ते इतकं जपून बांधलं गेलं. कड्याला चिकटून जवळजवळ किलोमीटरभर लांब पसरलेली इमारत, खांबांवर उचललेली, म्हणजे डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी खालून निघून जातं. पुढच्या बाजूला वेलींचा पडदा इतका दाट की तलावापलीकडून पाहिलं तर हॉटेल कुठे संपतं आणि रान कुठे सुरू होतं ते कळत नाही.

आत शिरतानाचं मात्र सविस्तर सांगायलाच हवं. गाडीतून उतरलं की समोर गुहेच्या तोंडासारखी पडवी. आत अंधारलेला, किंचित वळत जाणारा रस्ता, आणि एका बाजूला खराखुरा खडक, तासलेला नाही, रंगवलेला नाही, हात लावला तर गार लागतो. खडकाच्या कडेने चालत जायचं आणि अचानक भिंत संपते. समोर तलाव, त्यापलीकडे झाडी, आणि क्षितिजावर सिगिरियाचा सुळका. लॉबीला त्या बाजूने काच नाही, काही नाही. वारा सरळ अंगावर येतो. सामान, नोंदणी, पासपोर्ट सगळं विसरून माणसं तिथेच उभी राहतात. जिन्याच्या वर शिल्पकार लाकी सेनानायकेंनी घडवलेलं भलंमोठं घुबड पंख पसरून आहे, ते मुक्ताला आधी दाखव. आणि गच्चीचं दार नेहमी कडी लावून ठेवायला सांग, कारण माकडं खोलीत शिरतात आणि फळांची टोपली पळवतात.

काकूंसाठी एक काळजी घे. इमारत लांबच लांब असल्याने टोकाची खोली मिळाली तर जेवायला जायलाही बरीच पायपीट होते. आरक्षण करतानाच ‘लॉबीजवळची, लिफ्टलगतची, तलावाच्या बाजूची खोली’ असं लिहून माग आणि उत्तर लेखी घे. तिथे तीन रात्री राहा. एक सकाळ सिगिरियाला, उजाडताच, ऊन तापायच्या आत. चढण मोठी आहे, काकूंनी खालच्या पाण्याच्या बागांमध्ये फिरावं, पाचव्या शतकातल्या कश्यप राजाच्या त्या बागाही कमी नाहीत. एक सकाळ डंबुल्लाच्या लेण्यांना. आणि एक अख्खा दिवस काहीच ठरवू नकोस.

कंडलामाला जागा मिळाली नाही तर सिगिरियाजवळचं विल उयना बघ. पडीक शेतजमिनीवर पाणथळ जागा नव्याने तयार करून ते २००६ मध्ये उभं राहिलं. भातखाचरं, दलदल, रान असे भाग केले आहेत आणि प्रत्येक भागात वेगळी घरं आहेत. पक्षी परतले, रात्री हिंडणारं लोरिस नावाचं छोटं वानरही तिथल्या झाडीत टिकून आहे. मानवनिर्मित असूनही माझ्या कसोटीला ते उतरतं.

डोंगरातल्या मुक्कामाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. नुवारा एलियात इंग्रजी धाटणीचा बंगला तू निवडला आहेस. त्याऐवजी कंडापोलाची चहाची जुनी फॅक्टरी घे. साधारण दोन हजार मीटर उंचीवर, हेदरसेट मळ्यातली ही फॅक्टरी बंद पडली होती. १९९६ मध्ये तिचं हॉटेल झालं, पण फॅक्टरीपण पुसलं नाही. पानं सुकवायचे वरचे लांबलचक माळे होते, त्यांच्या खोल्या केल्या. यंत्रं, लोखंडी खांब जागेवरच राहिले. बाहेर रेल्वेचा जुना डबा ठेवून त्यात जेवणघर केलं आहे, मुक्ता तिथे जेवल्याशिवाय राहणार नाही. खिडकीतून चहाचे मळे थेट भिंतीपर्यंत आलेले दिसतात. बंगल्यात राहून तुम्हाला साहेब कसे राहत ते दिसेल, इथे चहा कसा होत असे ते दिसतं, आणि मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं. स्वेटर मात्र न्या, रात्री हुडहुडी भरते.

पण इथेच एक अडचण आहे, ती तुझ्या यादीत कुठेच दिसत नाही. नकाशावर बेट लहान दिसतं, रस्ते मात्र घाटाचे आहेत. किलोमीटर मोजू नकोस, तास मोज. कंडलामाहून कँडीमार्गे कंडापोलाला पाच तास तरी धर, तिथून गॉलला सहा-सात. सहा हॉटेलं घेतलीस तर अर्धी सुट्टी गाडीत जाईल आणि प्रत्येक चांगल्या हॉटेलात तुम्ही अंधार पडताना पोहोचून न्याहारीनंतर निघाल. अशा हॉटेलांचा अर्थच तिथे दुपारभर रेंगाळण्यात आहे. म्हणून तीनच मुक्काम. आणि काकूंना घाट सोसत नसतील तर डोंगर सरळ सोडून दे, ते दोन दिवस किनाऱ्याला जोड. चहाची फॅक्टरी मला प्रिय असूनही हे सांगतो आहे.

आता किनारा. गॉलजवळचं लाइटहाउस हॉटेलही बावांचंच, १९९७ चं. त्याच्या गोल जिन्यात सेनानायकेंनी पोर्तुगीज आणि सिंहली सैन्याची लढाई धातूत उभी केली आहे. पायरी पायरीने चढावं तशी लढाई वर वर चढत जाते, भाले, घोडे, नगारे वाजवणारे, सगळं कठड्याचाच भाग होऊन. नुसता तो जिना बघायला आणि गच्चीवर चहा प्यायला तिथे अवश्य जा. राहू मात्र नका. ते खडकांवर आहे, लाटा थेट आदळतात, दृश्य विलक्षण आहे, पण मुक्ताला समुद्रात डुंबायचं आहे आणि तिथे ते जमायचं नाही. तुम्ही दोघंच जात असतात तर मी तेच घ्यायला सांगितलं असतं.

तुमच्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, गॉलच्या किल्ल्याच्या आत डच काळातल्या घरांची छोटी हॉटेलं झाली आहेत, त्यातलं एखादं. प्रवाळाच्या दगडाच्या जाड भिंती, आतला चौक, उंच छत, संध्याकाळी तटावरून फिरणं. मोठ्या थाटाचं हवं असेल तर अमनगल्ला आहे, १६८४ ची इमारत, १८६५ पासून ‘न्यू ओरिएंटल’ नावाचं हॉटेल होती, पण तुझ्या अंदाजपत्रकात ते बसणार नाही. लहान घरांत प्रत्येक खोली निराळी असते, म्हणून खोलीचं नाव विचारून घे, तिचाच फोटो माग, आणि काकूंसाठी तळमजला. पोहायला उनवटूनाच्या उपसागरात जायचं, तो अगदी जवळ आहे. दुसरा मार्ग बेंटोट्याचा. तिथे पुढे वाळू आणि मागे शांत नदी, मुलांसाठी याहून सोयीची जागा नाही. बावांचं १९६९ चं बेंटोटा बीच हॉटेल अलीकडे नव्याने बांधलं आहे, जुन्या आराखड्याशी इमान राखून. लॉबीत कलाकार एना डी सिल्व्हांचं बाटिकचं, म्हणजे मेण वापरून रंगवलेल्या कापडाचं, रंगीत छत आहे, मान वर करून बघण्यासारखं.

मी बेंटोटा म्हणेन, आणि ते लुनुगंगा या बावांच्या बागेसाठी. १९४८ मध्ये बावांनी रबराचा एक मळा विकत घेतला आणि आयुष्यभर त्याची बाग करत राहिले. घरासमोर गवताची टेकडी, तिच्यावर झाडाखाली एकच मोठा रांजण, आणि त्याच रेषेत पलीकडे दूर एक पांढरा स्तूप. मधून सार्वजनिक रस्ता जातो, पण तो खाली दाबून घेतला आहे, त्यामुळे घरातून दिसतच नाही. तासभर बसून राहिलो तरी ती रेषा मला पुरेशी पाहून झाली नव्हती. तिथे राहायलाही मोजक्या खोल्या मिळतात. एक रात्र मिळाली तर तू आणि वहिनी राहा, मुक्ता आजीजवळ राहील. नाही मिळाली तर दिवसाची फेरी आगाऊ सांगून ठेव.

आरक्षणाआधी इतकं तपास. उपग्रहाच्या नकाशात हॉटेल शोध, कारण या किनाऱ्यावर काही ठिकाणी खोली आणि वाळू यांच्या मधून रेल्वेचे रूळ जातात, फोटोत ते कधीच येत नाहीत. दर सांगितला की त्यात दहा टक्के सेवाशुल्क आणि कर धरले आहेत का ते विचार, २०२४ पासून व्हॅटच अठरा टक्के आहे, शेवटच्या बिलात फार फरक पडतो. शेजारी बांधकाम सुरू आहे का हेही विचार. मला एकदा एका हॉटेलने हे सांगितलं नाही आणि दोन दिवस फरशी कापायच्या आवाजात काढावे लागले. पौर्णिमेला तिथे सुट्टी असते आणि मद्य मिळत नाही, देवळांत मात्र त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतली माणसं लोटतात, काकूंना ते फार आवडेल.

तेव्हा माझी मांडणी अशी: तीन रात्री कंडलामा, दोन कंडापोला, तीन बेंटोटा. परतीचं विमान पहाटेचं नसेल तर विमानतळाजवळ वेगळा मुक्काम नको, महामार्गाने बेंटोट्याहून थेट जाता येतं. गाडी आणि चालक सगळ्या दिवसांसाठी एकच ठेव, आणि चालकाच्या राहण्याची सोय हॉटेल करतं का ते आधी विचार.

कंडलामाच्या खोल्या सगळ्यात आधी भरतात, म्हणून तारखा या आठवड्यातच पक्क्या कर. पक्क्या झाल्या की मला कळव, खोलीबद्दलचं पत्र आपण दोघं मिळून लिहू. काकूंना नमस्कार, मुक्ताला खूप लाड.

तुझा,
अविनाश