दाखल होतानाच कानांची तपासणी हवी

महोदय,

अल्पवयीन मुलांच्या हातून घडणाऱ्या गुन्ह्यांविषयी वृत्तपत्रांत वेळोवेळी चर्चा होते. त्या चर्चेत वय, शिक्षा, घरची परिस्थिती, संगत, व्यसने असे सगळे विषय येतात. पण सुधारगृहात ठेवलेल्या मुलाला नीट ऐकू येते की नाही, हे क्वचितच कोणी विचारते. श्रवणचाचणीचे काम करणारी व्यक्ती म्हणून मला हा प्रश्न दुय्यम वाटत नाही. त्या मुलाची चौकशी, त्याचा जबाब, तिथले शिक्षण, समुपदेशन आणि शेवटी त्याच्या वर्तनावरचा शेरा हे सगळे बोलण्यावर अवलंबून असते, आणि ते बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचते हे आपण गृहीत धरून चालतो.

काहीच ऐकू न येणारे मूल निदान पटकन लक्षात तरी येते. सुटून जातात ती सौम्य किंवा मध्यम श्रवणदोष असलेली, आज बरे तर उद्या कमी ऐकू येणारी मुले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणानुसार चांगल्या कानाने २० डेसिबलच्या आतला आवाज टिपला जात असेल तर श्रवण सामान्य मानतात. २० ते ३५ डेसिबलपर्यंत दोष सौम्य आणि ३५ ते ५०पर्यंत मध्यम. सौम्य दोष असलेल्या मुलाला शांत खोलीत समोरासमोर बोललेले बहुतेक कळते. मागून, दुरून किंवा गोंगाटात बोललेले मात्र त्याला अर्धेमुर्धेच ऐकू येते. स्वर ठसठशीत असतात म्हणून ते कळतात, 'स', 'श', 'फ' यांसारखी हलकी व्यंजने गळून जातात आणि उरलेले वाक्य तो अंदाजाने जुळवतो. अंदाज चुकला की उत्तर भलतेच येते.

आता सकाळच्या हजेरीची कल्पना करावी. सिमेंटच्या भिंती, लोखंडी दारे, उंच छत, आवाज शोषून घेईल असे कापड कुठेही नाही. एका हाकेचे चार प्रतिध्वनी उठतात. काळजीवाहक मुलाच्या पाठीमागून त्याचे नाव घेतात. तो वळत नाही. दुसरी हाक वाढत्या आवाजात येते, तिसरी रागाने. मुलाच्या कानावर पडते ती ही तिसरीच हाक, म्हणजे त्याच्या दृष्टीने कोणी तरी विनाकारण अंगावर ओरडले. मग तोही उसळून बोलतो. नोंदवहीत 'उद्धट, आज्ञा पाळत नाही' असा शेरा पडतो. असे शेरे साचत गेले की सवलती जातात, खेळ बंद होतो, कधी कधी मुलाला एकटे ठेवले जाते. यात काळजीवाहकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. कानाचा दोष डोळ्यांना दिसत नाही, आणि तो ओळखायला त्यांना कोणी शिकवलेलेही नसते.

या मुलांमध्ये कानाच्या तक्रारी जास्त असण्याची शक्यता का आहे, हे समजणे अवघड नाही. लहानपणी वारंवार कान फुटणे, मधल्या कानात पाणी साचून राहणे, पडद्याला भोक पडणे हे आजार दाटीवाटीच्या वस्तीत, धुरात, कुपोषणात आणि उपचार वेळेवर न मिळाल्याने वाढतात. सुधारगृहात येणारी अनेक मुले याच परिस्थितीतून आलेली असतात. त्यात भर मारहाणीची. उघड्या तळव्याची चपराक थेट कानावर बसली तर हवेच्या दाबाने पडदा फाटू शकतो, आणि कानाखाली खाऊनच वाढलेल्या मुलांची संख्या थोडी नाही. बालवयातील श्रवणदोषांपैकी सुमारे ६० टक्के दोष टाळता येण्याजोग्या कारणांमुळे होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील तुरुंगांत आदिवासी कैद्यांची श्रवणचाचणी झाली, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक जणांमध्ये लक्षणीय दोष आढळला. ते कैदी प्रौढ होते आणि तिथे मधल्या कानाचा आजार फार पसरलेला आहे, म्हणून तो आकडा जसाच्या तसा इतरत्र लावता येणार नाही. कमी ऐकू आल्यामुळे गुन्हा घडतो असा निष्कर्षही त्यातून काढू नये. पण ज्यांच्यावर रोज आज्ञा सोडल्या जात होत्या, त्यांतल्या बहुसंख्यांना त्या धड ऐकूच येत नव्हत्या, हे तपासणी केली म्हणून कळले.

स्वातंत्र्य हिरावलेल्या अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९०मध्ये नियम केले. त्यांतला नियम ५० सांगतो की दाखल होताच प्रत्येक मुलाची वैद्यकीय तपासणी व्हावी. नियम ४९मध्ये दात, डोळे आणि मानसिक आरोग्य यांच्या उपचारांचा नावानिशी उल्लेख आहे, कानांचा नाही. नियम २४ तर असे म्हणतो की ज्या मुलांना वाचता येत नाही, त्यांना त्यांचे हक्क आणि तिथले नियम पूर्ण समजतील अशा रीतीने सांगावेत. व्यवहारात ते बहुधा तोंडीच सांगितले जातात. ज्याला वाचताही येत नाही आणि ऐकूही पुरते येत नाही, त्या मुलाच्या हाती यातले काय लागते? पुन्हा विचारले की ओरडा बसतो हे तो फार लवकर शिकलेला असतो, म्हणून 'समजले का?' या प्रश्नाला त्याचे उत्तर ठरलेले असते: हो. जबाब घेतानाही तो असाच मान हलवतो.

तपासणीला फार मोठी यंत्रणा लागत नाही. ओटोस्कोपने कानात पाहिले की मळ, पू, पडद्याचे भोक दिसते. टिम्पॅनोमेट्रीने पडद्यामागे पाणी आहे का ते काही मिनिटांत कळते. आणि शांत खोलीत ऑडिओमीटरने ऐकण्याची पातळी मोजता येते. मुले ऐकू न येण्याचे सोंग घेतील, अशी शंका मला अनेकदा ऐकवली जाते. पण टिम्पॅनोमेट्री आणि आतल्या कानाचा प्रतिसाद नोंदवणारी ओएई चाचणी यांत मुलाने काही सांगावेच लागत नाही, आणि ऑडिओमीटरवर सोंग घेणाऱ्याची उत्तरे दुसऱ्या वेळी सहसा जुळत नाहीत.

हे सर्व पहिला जबाब घेण्यापूर्वी व्हावे, एवढा माझा आग्रह आहे. अहवाल मुलाच्या फाइलमध्ये लागावा आणि निर्णय देणाऱ्यांनी तो पाहावा. साचलेला मळ काढल्यानेही काही मुलांना लगेच स्पष्ट ऐकू येऊ लागते. कान वाहत असेल तर थेंबांचा पूर्ण कोर्स व्हावा, अंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ नये याची काळजी घेतली जावी, आणि मूल मध्येच दुसरीकडे हलवले गेले किंवा सुटले तर उपचाराचे कागद त्याच्याबरोबर जावेत. अर्धवट सोडलेला उपचार हेच जुनाट आजाराचे मोठे कारण असते. श्रवणयंत्र सुरक्षेच्या नावाखाली काढून घेऊ नये. त्याच्या छोट्या बॅटऱ्या गिळल्या जाण्याची भीती रास्त आहे, तेव्हा त्या कर्मचाऱ्यांनी आपल्या ताब्यात ठेवून वेळेवर बदलून द्याव्यात. मुलाशी बोलताना समोर यावे, आपल्या चेहऱ्यावर उजेड असावा, आणि 'समजले का?' असे विचारण्याऐवजी 'मी काय म्हटले ते तुझ्या शब्दांत सांग' असे म्हणावे.

सर्वांची तपासणी एकदम शक्य नसेल, तर ज्यांच्या नावापुढे आज्ञा न पाळल्याचे शेरे सर्वाधिक आहेत त्या मुलांपासून ती सुरू करावी, आणि तिचे निष्कर्ष हाती येईपर्यंत त्या शेऱ्यांवरून कोणालाही नवी शिक्षा देऊ नये.

आपली,
एक श्रवणतज्ज्ञ वाचक