कॉरिडॉरच्या नकाशात भाडेकरू कुठे आहे?

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या परिसरातील कॉरिडॉरबद्दल, म्हणजे दुकाने-घरे हटवून रस्ते रुंद करण्याच्या सरकारी योजनेबद्दल, 'स्थानिकांना विश्वासात घेऊ' असे वारंवार ऐकतो. महाद्वार रस्त्यावर आमचे बुक्का, कुंकू आणि तुळशीमाळांचे दुकान वडिलांपासून आहे. जागा मात्र भाड्याची. चर्चा निघाली की घरमालकाला निरोप जातो. आम्हाला बातमी गिऱ्हाइकाकडून कळते! 2013 च्या भूसंपादन कायद्याने तीन वर्षांपासून ज्याची उपजीविका त्या जागेवर आहे, त्यालाही बाधित मानले आहे. त्याच कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणीही आहे. मग बाधितांची यादी मालकाचे नाव असलेल्या सातबारा आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरूनच का व्हावी?

गर्दीत गुदमरणारा वारकरी आम्हीही रोज बघतो, रस्ता मोकळा हवाच. पण संगणकावरचे चकचकीत चित्र दाखवणे म्हणजे विचारणे नव्हे. माझे दुकान किती फूट जाणार, बदली गाळा मंदिरापासून किती लांब, तोवर धंदा कुठे लावायचा, एवढे तरी कागदावर द्या. मंदिरापासून पाचशे पावलांवर गाळा मिळाला तर माळ घ्यायला तिथवर कोण येईल?

आणि बैठक आषाढी-कार्तिकीच्या तोंडावर नको. तेव्हा आम्हाला जेवायलाही उसंत नसते. रात्री नऊनंतर, आमच्याच गल्लीत, मोठा नकाशा भिंतीला लावून घ्या. हरकतीची पोचही तिथल्या तिथे द्या.

– एक भाडेकरू दुकानदार, पंढरपूर